बैठकीतलं खोबरं

"काल पाथर्डी फाट्यावर तुझ्याबरोबर चष्मेवाला कोण होता?" निनादने विचारलं आणि आपल्या ताटलीतली चटणी माझ्या डोशावर वाढली.

मी हिरवी चटणी खात नाही हे त्याला आधीच्या भेटीत सांगून झालं होतं.

"हृषीकेश," मी म्हणाले. "निफाडचा. गुरांचा डॉक्टर आहे. तुला सांगितलं होतं ना, घरच्यांनी अजून दोघांना भेटायला सांगितलंय म्हणून."

"सांगितलं होतंस की." तो हसला. निनादचं हसू खरोखर छान होतं, माझी आई त्याच हसण्यावर भाळली होती. "मी कुठे काय म्हणतोय? उसाचा रस प्यायलात. तू बर्फ नको म्हणालीस."

मी डोसा खायची थांबले. बर्फ नको हे मी रसवंतीवाल्याला म्हटलं होतं, चरक चालू असताना, घुंगरांच्या आवाजात. हृषीकेशलासुद्धा ते ऐकू गेलं नव्हतं, त्याच्या पेल्यात बर्फ आलाच. ते ऐकायचं तर माणूस अगदी माझ्या पाठीशी उभा हवा.

"तू होतास तिथे?"

"नाशिक केवढंसं आहे, रेवती," तो म्हणाला. "खा ना. चटणी मस्त आहे इथली."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून नाशिकच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले होते. आमची लॅब परदेशी जाणाऱ्या द्राक्षांतला कीटकनाशकांचा अंश तपासायची. घर चाळीसगावला, मी इथे फरहीन नावाच्या सहकारी मुलीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचे. डिसेंबरात आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा झाला. स्टेजवर उभं राहून नाव, शिक्षण, उंची आणि 'अपेक्षा' सांगायच्या. मी 'अपेक्षा : चांगली चर्चा करता यावी' असं म्हटलं, तेव्हा सभागृहात लोक हसले होते. तरीही तीन स्थळं आली. पूर्वी मुलगा घरी यायचा, मुलगी पोहे द्यायची आणि निकाल लागायचा. आता आमच्यात नवी पद्धत पडली होती : भेटा, बोला, हवं तर चार वेळा भेटा, आणि मग सांगा. एका वेळी दोघा-तिघांना भेटण्यात कोणाला गैर वाटत नव्हतं, अट एकच, सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

फरहीनने त्यांना नमुना एक, दोन, तीन अशी नावं दिली होती. एक म्हणजे पुण्याचा सौमित्र, जो व्हिडिओ कॉलवर फ्लॅटचे नकाशे दाखवायचा. दोन म्हणजे निनाद मालपुरे, इथलाच, वडिलांचा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा, स्वतःची गाडी. तीन म्हणजे हृषीकेश, जो दर भेटीला उशिरा यायचा आणि एखाद्या गाईचं कारण सांगायचा.

"तीनला दोन गुण ज्यादा," फरहीन म्हणायची. "गाय खोटं बोलत नाही."

डोशाचं बिल देऊन निनाद म्हणाला, सोडतो तुला खोलीवर. मी गाडीत बसले. गंगापूर रोडवरून डावीकडे वळायचं होतं, तो सरळ गेला.

"अरे, वळण मागे राहिलं."

"धरणावर वारा छान असतो."

"मला घरी जायचंय. फरहीन जेवायची थांबलीय."

वस्ती संपल्यावर त्याने वेग वाढवायला सुरुवात केली. एकदम नाही, हळूहळू, एखादा प्रयोग करताना तापमान वाढवावं तसा. आणि माझ्या लक्षात आलं की तो रस्त्याकडे बघतच नाहीये. मान माझ्याकडे वळवून तो माझा चेहरा बघत होता. वेग वाढवायचा, बघायचं. आणखी वाढवायचा, पुन्हा बघायचं. समोरून दुधाची गाडी आली, तेव्हा त्याने अगदी शेवटच्या क्षणी, तरीही माझ्यावरची नजर न काढता, चाक फिरवलं.

"निनाद, समोर बघ!"

त्याने वेग कमी केला, गाडी वळवली आणि मला नीट दारात आणून सोडलं.

"घाबरलीस?" त्याने विचारलं. रागाने नाही, प्रेमाने म्हणता येईल अशा आवाजात.

"हो."

"गुड," तो म्हणाला. "घाबरणारी मुलगी जपून राहते."

त्याच संध्याकाळी मी आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, रसवंतीपासून दुधाच्या गाडीपर्यंत.

"मुलं गाडी जोरातच चालवतात गं," आई म्हणाली. "तुझे पप्पा राजदूत कशी चालवायचे ते विचार त्यांना. लग्नानंतर मी मागे बसून रामरक्षा म्हणायचे."

"पप्पा रस्त्याकडे बघायचे ना?"

"म्हणजे काय!"

"हा बघत नाही. माझ्या तोंडाकडे बघतो. आणि माझ्या मागावर असतो."

आई म्हणाली, "मालपुऱ्यांचा निरोप आलाय, आखाजीच्या मुहूर्तापर्यंत होकार कळवा म्हणून. उगाच संशय घेऊन एवढं चांगलं घर घालवायचं का? दिगंबरभाऊजींना सांगते चौकशी करायला. मग तर तुझं समाधान होईल?"

दिगंबरकाका म्हणजे पप्पांचे चुलत भाऊ. आमच्या समाजात कुठलंही लग्न त्यांच्या चौकशीशिवाय पुढे सरकत नसे. मेळावा तेच भरवायचे. पांढरा सफारी, खिशात दोन मोबाइल, आणि गावोगावची माणसं तोंडपाठ. पुढच्या रविवारी मी चाळीसगावला गेले तेव्हा काका आधीच येऊन बसले होते आणि चहात खारी बुडवत होते.

"काय शास्त्रज्ञबाई!" ते म्हणाले. "झाली तुमची चौकशी. ए टू झेड. मुलगा लाखात एक."

"कोणाला विचारलंत, काका?"

"अगं, कोणाला नाही ते विचार! शेजारी, त्याचे मामा, शोरूमचा मॅनेजर, कॉलेजचे प्राध्यापक. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही."

"ही नावं तुम्हाला कोणी दिली?"

"त्याच्या वडलांनी दिली. मग काय पेपरात जाहिरात द्यायची?"

आमच्या लॅबचा एक नियम होता. शेतकऱ्याने स्वतः खोकं भरून आणलेली द्राक्षं आम्ही तपासायला घेत नसू. आमचाच माणूस बागेत जायचा, आणि तो ठरवेल त्या वेलीवरचा घड तोडायचा. कारण स्वतः आणायचा झाला तर कोणीही चांगलाच घड आणतो. मी हे काकांना सांगितलं.

"माणसं म्हणजे द्राक्षं नाहीत, बाई," काका म्हणाले, आणि पप्पा हसले.

"आणि व्यसनाचंच का विचारलं? मी गाडीचं सांगितलं होतं. पाठलागाचं सांगितलं होतं."

"आता असं कोणी विचारतं का, की तुमचा मुलगा गाडी चालवताना कुठे बघतो? वेड्यात काढतील मला. बरं, तुला एक सांगतो, म्हणजे तुझी शंकाच फिटेल. त्याचा एकदा साखरपुडा झाला होता. सटाण्याच्या सोनज्यांकडे. शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे त्यांचं. मोडला. पत्रिकेत काहीतरी निघालं. पण ते लोकसुद्धा आज चांगलंच बोलतात. मोडलेल्या घराने चांगलं म्हणायचं म्हणजे आयएसआयचा शिक्का झाला!"

"पत्रिका साखरपुड्याच्या आधी बघतात ना, काका?"

काकांची खारी चहात तुटून पडली. त्यांनी चमच्याने ती शोधायला सुरुवात केली.

"पुन्हा बघितली असेल," ते म्हणाले. "दुसऱ्या गुरुजींनी."

आई म्हणाली, "झालं ना आता समाधान?"

आमच्या अहवालात प्रत्येक रसायनापुढे बहुतेक वेळा 'आढळले नाही' असं येतं. नोकरीला लागले तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला पहिली गोष्ट ही शिकवली होती की 'आढळले नाही' म्हणजे 'नाही' असं कधी वाचायचं नाही. जे शोधायला यंत्र लावलंच नव्हतं, ते आढळणार कुठून? काकांचा अहवाल मला तसाच वाटला. फक्त तेव्हा मी समजत होते की काकांचं यंत्रच साधं आहे.

त्यानंतरच्या सुट्टीला मी एसटीने सटाण्याला गेले. दुकान सापडायला वेळ लागला नाही. काचेमागे खाकी चड्ड्या आणि निळे फ्रॉक टांगलेले, मागच्या बाजूला घर. साखरपुडा मोडलेल्या मुलीच्या, कल्याणीच्या, आईने माझं नाव-गाव विचारलं, मी रेवती शिरोडे, चाळीसगावची म्हटल्यावर त्या चटकन उठून चहा टाकायला गेल्या. त्या लगबगीत पाहुणचारापेक्षा पळ काढणं जास्त होतं.

"निनाद मालपुरेंच्या स्थळाबद्दल विचारायला आले होते, काकू," चहा आल्यावर मी म्हणाले.

"चांगला आहे मुलगा."

"मग मोडलं कसं?"

"एकनाड निघाली."

"साखरपुड्यानंतर?"

"हो. मुलगा चांगला आहे. घर चांगलं आहे. सासू तर गाय आहे गाय." त्या माझ्याकडे न बघता, पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणत होत्या. "तुमचं जमत असेल तर आम्हाला आनंदच आहे, ताई. कोणाच्या जमत्या लग्नात आपण मोडता घालू नये. पाप लागतं."

तेवढ्यात आतून एक मुलगी घडी केलेल्या शर्टांचा गठ्ठा घेऊन आली. माझ्याच वयाची. गठ्ठा तिने डाव्या हाताने उचललेला नव्हता, नुसता त्या हातावर तोलून धरला होता. तिचं डावं मनगट सरळ नव्हतं. हाड नीट न जुळता बसलं की होतं तसं, थोडं बाहेर वळलेलं.

"कल्याणी, तू आत जा," काकू म्हणाल्या.

"शाळेत माल द्यायचाय, आई. त्यांना स्टँडपर्यंत सोडते जाता जाता."

"कल्याणी."

"काही बोलत नाही मी. मला माहीत आहे बोलायचं नाही ते."

स्टँडकडे जाताना तिची स्कूटी ती हाताने ढकलत चालत होती. एका रसवंतीपाशी आल्यावर तिने स्कूटी उभी केली आणि मला विचारलं,

"तो गाडी चालवताना रस्त्याकडे बघतो की तुझ्याकडे?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तिने ती उचलून दिली.

"म्हणजे अजून तसाच आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. साखरपुड्यानंतर दोघं सप्तशृंगी गडावर गेले होते. येताना तिला कॉलेजच्या एका मित्राचा फोन आला, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला. निनादने गाडी थांबवली, तिचा फोन काढून घेतला आणि तिला खाली उतरायला सांगितलं. ती उतरली. मग त्याने गाडी सुरू केली आणि अगदी हळू चालवू लागला. ती मागे धावायची. जवळ आली की तो थोडा वेग वाढवायचा. ती थांबली की तोही थांबायचा.

"आरशात बघत होता," कल्याणी म्हणाली. "मला आरशात त्याचे डोळे दिसत होते. ऊन केवढं होतं. डांबर नुसतं तापलेलं. मी पडले ना, तेव्हा सुद्धा तो गाडी मागे घेऊन नाही आला. आधी बघितलं. मग आला."

"आणि घरी काय सांगितलंत?"

"स्कूटीवरून पडले म्हणून. आईला रात्री खरं सांगितलं. पप्पांनी साखरपुडा मोडला, हे मात्र केलं त्यांनी. पण मग मालपुरे म्हणाले, तुमची मुलगी दुसऱ्याशी फोनवर बोलते हे आम्ही समाजात सांगू. मग बैठक झाली."

"कसली बैठक?"

"देवीच्या मंदिराच्या हॉलमध्ये. समाजातले मोठे लोक बसले. असं ठरलं की दोघांनी पत्रिका जुळली नाही म्हणायचं, आणि कोणी विचारायला आलं तर दोघांनी एकमेकांबद्दल चांगलं सांगायचं. नारळावर हात ठेवून शब्द घेतला. माझे पप्पा, त्याचे पप्पा. मग नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. मला पण दिलं. हात प्लास्टरमध्ये होता, तर माझ्या तोंडाशी धरलं. मी खाल्लं पण. काय करणार?"

स्टँडवर नांदगावची गाडी लागल्याचा पुकारा होत होता.

"तुला हे सगळं माहीत असणार असं वाटलं मला," ती म्हणाली. "म्हणून मी आधी बाहेरच येत नव्हते. म्हटलं, माहीत असून करतेय तर आपण कोण?"

"मला कसं माहीत असणार?"

"तू शिरोडेंची ना? चाळीसगावची?" कल्याणीने मला नीट निरखून बघितलं. "खोबरं तुझ्या काकांनीच भरवलं मला. दिगंबरकाकांनी. नारळ त्यांनीच फोडला."

कल्याणीला माझा नंबर देऊन मी नाशिकला न जाता सरळ चाळीसगावची गाडी धरली. वाटेत आईला फोन करून सांगितलं की दिगंबरकाकांना बोलावून ठेव. होकार द्यायला येतेय, असं तिला वाटलं असावं. मी पोचले तेव्हा काका पप्पांशी गप्पा मारत बसले होते आणि टेबलावर पेढ्यांचा पुडा होता.

मी चपला न काढताच विचारलं, "काका, खोबरं गोड होतं का?"

"कसलं खोबरं?"

"सटाण्याच्या बैठकीतलं. मोडलेल्या हाताच्या मुलीला भरवलंत ते."

दिगंबरकाकांचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा मोकळा बघितला, म्हणजे त्यावर नेहमीचं काहीच नव्हतं. पप्पा म्हणाले, काय झालं? मी उभ्या उभ्या सांगितलं. गड, गाडी, आरसा, मनगट, नारळ. माझा आवाज चढत गेला तो मी आवरला नाही. आईने पेढ्यांचा पुडा उचलून मांडीवर घेतला आणि तशीच बसून राहिली.

"भाऊजी," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"वहिनी, शब्द दिला होता मी. पाच माणसांत. नारळावर."

"मी तुम्हाला माझ्या मुलीची चौकशी करायला सांगितली होती."

"मी खोटं काय बोललो?" काका आता सावरले होते. "व्यसन नाही म्हटलं, नाहीच आहे. सोनजे चांगलं बोलतात म्हटलं, बोलतातच. अगं बाई, समाज असाच चालतो. त्या पोरीचं पण नाव वाचवलं मी. दोन घरं वाचवली!"

"आणि तिसऱ्या घरात त्याला पाठवलंत," मी म्हणाले. "ते तिसरं घर हे. तुम्ही बसलाय ते."

"तरुण रक्त असतं. लग्न झालं की माणूस निवळतो. आणि खरं सांगू? मी म्हटलं, आपली रेवती शिकलेली आहे, खमकी आहे. ती करेल त्याला सरळ."

"मी लॅबमध्ये काम करते, काका. सुधारगृहात नाही."

"बघ, बघ कशी बोलते! हे तुझं शिक्षण!"

"तुम्ही त्या मुलीला का नाही म्हणालात, की तू शिकलेली आहेस, तू सगळ्यांना खरं सांग? तिला खोबरं दिलंत. तोंड बंद करायला. आणि मला काय देणार होतात? अक्षता?"

काका उठले. दारापर्यंत जाऊन वळले आणि पप्पांना म्हणाले, "हिला जरा समजाव. मुलीची जात आहे. असं बोलत सुटली तर कोण करून घेईल?"

पप्पांनी उत्तर दिलं नाही. ते मला तेव्हा फार लागलं. काकांच्या बोलण्यापेक्षा जास्त.

नकार कळवला. त्यानंतर निनादची गाडी आमच्या लॅबच्या फाटकासमोर उभी राहायला लागली. तो उतरायचा नाही, बोलायचा नाही, नुसता काच खाली करून बसायचा. मी घाबरले होते, आणि ते त्याला दिसू द्यायचं नाही हे मी ठरवलं होतं. एक दिवस फरहीन आणि आमचे नमुने आणायला जाणारे दोघं दांडगे सहकारी यांना घेऊन मी त्याच्या गाडीसमोर गेले, नंबर प्लेटचा फोटो काढला, त्याचाही काढला.

"पोलिसात अर्ज दिलाय," मी म्हणाले. "हे त्याला जोडते."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला जे बघायचं होतं ते मिळालं नसावं. गाडी निघून गेली ती परत आली नाही.

पण दिगंबरकाका परत आले. या वेळी समाजातल्या आणखी दोघांना घेऊन, आणि हातात नारळ घेऊन. मी मुद्दाम रजा काढून गेले होते.

"मालपुरे मोठ्या मनाचे आहेत," काका पप्पांना म्हणाले. माझ्याकडे ते बघत नव्हते. "पोलिसात गेली तरी ते काही म्हणत नाहीत. म्हणतात, झालं गेलं विसरू. अर्ज मागे घ्या. तुम्ही आमच्या मुलाबद्दल चांगलं बोला, आम्ही तुमच्या मुलीबद्दल चांगलं बोलू. पत्रिका जुळली नाही म्हणायचं. नाहीतर तीन-तीन मुलांबरोबर हिंडत होती हे बाहेर गेलं तर..."

"तुम्हीच म्हणालात भेटा म्हणून!" आई ओरडली. "स्टेजवर माइक घेऊन तुम्ही म्हणालात, भाऊजी, की मोकळेपणी भेटा!"

"वहिनी, म्हणायचं वेगळं असतं."

मी म्हणाले, "मी नारळावर हात ठेवणार नाही. मला जो विचारेल त्याला मी सांगणार. जे माझ्याबरोबर झालं ते, तेवढंच. कमी नाही, जास्त नाही."

"आणि मग तुझं लग्न?"

"तो माझा प्रश्न आहे."

"तो समाजाचा प्रश्न आहे!" काकांनी नारळ टेबलावर ठेवला. तो घरंगळत कडेपर्यंत गेला.

पप्पांनी तो पडायच्या आत धरला. इतके दिवस गप्प असलेल्या माझ्या पप्पांनी तो हातात धरून उलटसुलट करून बघितला, जणू खरेदी करायचाय. मग उठले आणि दिगंबरकाकांच्या हातात परत दिला.

"दिगंबर, हा घेऊन जा," ते म्हणाले. "आमच्याकडे कोणी खात नाही."

पुण्याच्या सौमित्रकडून पुढच्याच आठवड्यात नकार आला, कारण 'मुलगी फार स्पष्ट बोलते'. हृषीकेशने फोन करून सांगितलं की घरचे आता नको म्हणतायत, पण मी समजावतो त्यांना. अजून समजावत असेल. फरहीन म्हणाली, गाय खोटं बोलत नाही, डॉक्टरचं काही सांगता येत नाही. मी हसले, आणि त्या आठवड्यात तेवढीच हसले. मालपुऱ्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. आईला लग्नकार्यात बायका विचारायच्या, रेवतीचं काय, आणि उत्तर न ऐकता पुढे जायच्या. पुढच्या मेळाव्याचं आमंत्रण आम्हाला आलं नाही.

याला आता चार वर्षं झाली. मी त्याच लॅबमध्ये आहे. लग्न केलेलं नाही, आणि त्यामागे मोठं दुःखबिःख नाही, भेटण्यासारखं कोणी भेटलं तर भेटते. गेल्या महिन्यात दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"रेवतीताई शिरोडे का?" माणूस वयस्कर, आवाज अदबीचा. "मी पारोळ्याहून बोलतोय, अमृतकर. आमच्या मुलीसाठी एक स्थळ आलंय. मालपुरे म्हणून, नाशिकचे. तुमच्याकडे पण पूर्वी बोलणी झाली होती असं कळलं."

"हो."

"तशी सगळी चौकशी झालीय. सगळीकडून चांगलंच कळलं. दिगंबरराव तर म्हणाले, मुलगा लाखात एक. पण सटाण्याला गेलो होतो, तिथे सोनज्यांच्या दुकानात त्यांच्या मुलीने तुमचा नंबर लिहून दिला. बाकी काही बोलली नाही हो ती. म्हणाली, मी शब्दात अडकलेय, त्या नाहीत. त्यांना विचारा."

मी यंत्राच्या खोलीतून बाहेर आले आणि दार लावून घेतलं.

"काय विचारायचंय तुम्हाला?"

"हेच आपलं. मुलाला काही व्यसन वगैरे?"

"नाही. व्यसन कसलंच नाही."

"वा, वा," त्यांचा सुस्कारा ऐकू आला. "मग झालं तर."

"अमृतकरकाका, मुलगी जवळ आहे का? तिला द्या ना फोन."

थोडी कुजबुज झाली. मग एक बारीक, सावध आवाज आला. "हॅलो, ताई."

"तू भेटलीयस त्याला?"

"हो. तीनदा."

"त्याच्या गाडीतून गेलीस?"

"एकदा."

"मग मला एक सांग," मी म्हणाले. "गाडी चालवताना तो रस्त्याकडे बघतो की तुझ्याकडे?"

पलीकडून वडिलांचा आवाज आला, "काय म्हणतायत गं? चांगला आहे ना?"

"पप्पा, जरा थांबा," ती म्हणाली. तिच्या आवाजातला बारीकपणा गेला होता. "तुम्ही बोला, ताई. मी दार लावून घेते."